तलफ

आपल्या भाषेत ताप येतो, झोप येते, राग येतो, तशी तलफही येते. 'मी तलफ केली' असे कोणी म्हणत नाही. बोलणाऱ्याला ती स्वतःची करणी वाटतच नाही. न बोलावलेल्या पाहुण्यासारखी ती येऊन बसते. भाषेला जे कळले आहे ते आपल्याला मात्र माणसाचा निवाडा करताना आठवत नाही. व्यसनी मुलगा खोटे बोलला, आईच्या डब्यातले पैसे उचलले, दिलेला शब्द संध्याकाळपर्यंतही टिकवला नाही, की आपण लगेच म्हणतो, 'मुळातच वळण नाही.' हा निकाल घाईचा आहे, असे माझे मत आहे.

तलफ ओळखायला लांब जायला नको. हिंगोली, वसमत, कळमनुरी, कोणत्याही बसस्थानकाबाहेर चहाच्या टपरीवर दहा मिनिटे उभे राहावे. कपातला शेवटचा घोट संपतो आणि शेजारच्याचा हात आपोआप खिशातल्या तंबाखूच्या पुडीकडे जातो. त्याला विचारले तर तो सांगेल की, आत्ता खायचे असे काही मनात नव्हते. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह याने घंटेच्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला पाणी आणून दाखवले; इथे रिकामा कप ही घंटा आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण घंटा वाजायची थांबली नाही, आणि म्हणूनच गिऱ्हाईकही थांबले नाही.

पण तंबाखूची तलफ ही धाकटी म्हणावी अशी एक मोठी तलफ आता महाराष्ट्रात आली आहे. १९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्यात 'गर्द' पसरले. डॉ. अनिल अवचटांनी त्यावर लिहिले, आणि १९८६ साली त्यांनी व डॉ. सुनंदा अवचटांनी पु. ल. देशपांड्यांच्या साहाय्याने पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. आज नावे बदलली आहेत. पोरांच्या तोंडी 'एम.डी.' असते, म्हणजे मेफेड्रोन. ते २०१५ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. त्याचेच भावंड म्हणजे मेथॅम्फेटामिन, ज्याला 'आइस' किंवा 'क्रिस्टल' म्हणतात. २०१६ साली सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत ठाणे पोलिसांनी इफेड्रिनचा टनावारी साठा पकडला. मेथॅम्फेटामिन बनते ते याच इफेड्रिनपासून. २०२४ साली दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या वसाहतीत मेफेड्रोनचे शेकडो किलो सापडले. 'हे शहरांचे दुखणे, आपल्याला काय त्याचे?' असे म्हणणाऱ्यांनी एवढेच पाहावे की, आपल्या जिल्ह्यातली किती मुले पोलीस भरतीसाठी, स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात खोली घेऊन राहतात. रात्रभर जागून अभ्यास करायची गोळी म्हणून कोणी काही पुढे केले, तर नाही म्हणायला त्या मुलाजवळ काय माहिती असते?

जागे ठेवणे हाच या पदार्थाचा जुना धंदा आहे. जपानमध्ये नागाई या रसायनशास्त्रज्ञाने १८९३ साली तो प्रथम तयार केला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आणि जपानी सैनिकांना तो जागरणासाठी दिला गेला, आणि युद्धानंतर जपानमध्ये तो इतका पसरला की १९५१ साली तिथे वेगळा कायदा करावा लागला. घेणारा दोन-दोन, तीन-तीन दिवस झोपत नाही, भूक मरते, अंगात बळ आल्यासारखे वाटते. मग संशय सुरू होतो; दाराबाहेर कोणी उभे आहे, मित्र चहाडी करतो आहे, असे वाटू लागते. नंतर शरीर कोसळते, दिवसभर झोप लागते. आणि जाग आली की ती तलफ.

मिशिगन विद्यापीठातील रॉबिन्सन आणि बेरिज या दोघांनी १९९३ साली एक विचार मांडला. एखादी गोष्ट आवडणे आणि ती हवीशी वाटणे ही मेंदूतली दोन वेगळी कामे आहेत, असे ते म्हणतात. व्यसनात आवड हळूहळू आटत जाते, पण हवेपण वाढतच राहते. माणूस ज्यात सुख उरलेले नाही त्याच्याच मागे जीव टाकून धावतो. घरच्यांना हे कोडे सुटत नाही. 'तुला त्यात मिळते तरी काय?' हा आईचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि मुलाजवळ त्याचे उत्तर खरोखरच नाही.

तलफ आलेल्या माणसाची नजर अरुंद होते. उद्याची परीक्षा, बहिणीचे लग्न, बापाचे हळदीचे पैसे हे सगळे त्याला ठाऊक असते, पण ते दूरचे होते, जवळचे एकच. तो चिडतो, कारण प्रत्येक बोलणारा माणूस वाटेत उभा असल्यासारखा वाटतो. तो खोटे बोलतो आणि बोलताना त्याला ते अर्धे खरेही वाटते: 'आज शेवटचे.' म्हणून काय त्याने केलेली चोरी चोरी राहत नाही? राहते. ज्याचे पैसे गेले त्याचे गेलेच, आणि मार खाल्लेल्या बायकोला मेंदूचे शास्त्र सांगणे हा निर्लज्जपणा होईल. माझे म्हणणे इतकेच की, चोरीचा जाब विचारावा, पण त्यावरून माणूस संपला असा शेरा मारू नये.

आपल्या अभ्यासाला गडकऱ्यांचे 'एकच प्याला' असते. सुधाकराची वकिलीची सनद काही काळापुरती रद्द होते आणि तळीराम प्याला पुढे करतो, हे सर्वांना आठवते. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे: सुधाकर दारू सोडतो, कामासाठी लोकांच्या दारात जातो, तिथे अपमान पदरी पडतो, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. पहिल्या वेळीही अपमान, दुसऱ्या वेळीही अपमानच. गडकऱ्यांनी तलफेची घंटा अचूक ओळखली होती. सोडलेल्या माणसाला 'आला बघा बेवडा' म्हणून हसणारे आपण ती घंटाच वाजवत असतो.

मग आपल्याकडे माळ घालून दारू सुटते ती कशी? नर्सी नामदेवच्या परिसरात अशी माणसे दाखवता येतील. काहीजण ती शपथेची ताकद मानतात. श्रद्धेचा भाग मी नाकारत नाही. परंतु माळकरी होताच माणसाची संध्याकाळ बदलते, हे कोणी लक्षात घेत नाही. ज्या वेळेला गुत्ता, त्याच वेळेला आता भजन. संगत बदलली, वाट बदलली, 'चल रे' म्हणणारे तोंड बदलले. अमेरिकेत ली रॉबिन्स या बाईंनी व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडले ते शेकडा ५ च्या आसपास. घंटा व्हिएतनाममध्येच राहिल्या. याउलट केंद्रात महिनाभर राहून आलेला आपला मुलगा त्याच स्थानकावर उतरतो, त्याच मित्रांच्या मोटारसायकलवर बसून घरी येतो, आणि आपण त्याच्या निर्धाराची परीक्षा घेतो.

महिना तर फारच थोडा. मेथॅम्फेटामिन सोडलेल्यांच्या मेंदूची तपासणी २००१ साली प्रसिद्ध झाली. वर्ष-सव्वा वर्षानंतर बरीचशी झीज भरून आलेली दिसली, तीही सगळी नव्हे. अफूच्या जातीच्या व्यसनावर गोळ्या आहेत, यावर अजून तसे मान्यताप्राप्त औषध नाही. एका वेळची तलफ मात्र लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरते. तेवढा वेळ कोणीतरी सोबत बसले, बोलले, चालायला घेऊन गेले, तर ती टळते. पोलिसांच्या भीतीने घरचे लोक दुखणे लपवतात. पण स्वतःच्या सेवनापुरते अल्प प्रमाण जवळ असलेला माणूस स्वखुशीने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. तसे कलम, ६४-अ, त्याच कायद्यात आहे. १४४४६ या क्रमांकावर फुकट सल्लाही मिळतो.

शेवटी घरचीच गोष्ट. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, असा कायदा २००३ साली झाला. १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. भूगोल विभागात मोजपट्टी आहे. एखाद्या रविवारी ती आपल्या फाटकापासून धरून पाहावी.