एका शून्याची चूक

गेल्या वर्षीची भाऊबीज आटोपून मी आणि चिरंजीव साताऱ्याहून स्कूटरने पुण्याला परतत होतो. शिरवळ मागे पडले, आणि पुढे चाललेल्या टेंपोतून काहीतरी पांढरे उडाले नि रस्त्याच्या कडेला जाऊन पडले. टेंपोत जाळीच्या पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या. त्यांतून पिसे तेवढी बाहेर डोकावत होती. टेंपो आपल्या वाटेने निघून गेला.

"बाबा, थांबा!"

"अरे, कोणाची तरी वस्तू आहे ती," मी म्हणालो.

"वस्तू नाही, कोंबडी आहे."

बारा वर्षांच्या मुलाने मराठीच्या प्राध्यापकाची भाषा भर महामार्गावर दुरुस्त केली. आता वाद घालण्यात अर्थ नव्हता. दिवाळीच्या नव्या सदऱ्यात गुंडाळलेली ती पाहुणी दोघांच्या मध्ये बसून आमच्या घरी आली.

दारात आईने गाठोडे उघडले. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि रविवारी आमच्याकडे काय शिजते हे सगळ्या आळीला वासावरून ठाऊक आहे. आई म्हणाली, "अरे, आणायचीच होती तर साफ करून नाही का आणायची?" एवढ्यात तिचे लक्ष कोंबडीच्या दुखावलेल्या पायाकडे गेले. ती गप्प झाली आणि आत जाऊन हळद घेऊन आली. दुसऱ्या दिवशी बटाट्याचा रस्सा झाला. कारण विचारले तर म्हणाली, "घरात पाहुणी निजलेली असताना तिच्याच भावकीतली शिजवायची होय रे?"

आपली भाषाही कोंबडीच्या बाबतीत जराशी कृपणच आहे. मटण म्हटले की बोकड सहसा डोळ्यांसमोर येत नाही, त्या शब्दाने मधे एक पडदा धरलेला असतो. कोंबडीला तो पडदाही नाही. अंगणात फिरते ती कोंबडी आणि ताटात येते तीही कोंबडीच. इंग्रजांचा 'चिकन' आल्यावर शहरात थोडी सोय झाली इतकेच. आमच्या आईने मात्र तिसऱ्याच दिवशी त्या कोंबडीला नाव दिले. आईच्या लहानपणी शेजारी कोणी सगुणाबाई राहत असत, त्या अशाच डुलत डुलत चालत. झाले, कोंबडीची सगुणा झाली. पेटीतल्या जाळीमागे जी निर्गुण निराकार होती तिला आमच्या घरी गुण चिकटू लागले.

आणि काय एकेक गुण! बाईसाहेबांनी जन्मात माती पाहिलेली नव्हती. मागच्या अंगणात तुळशीजवळ सोडल्यावर पहिले दोन दिवस त्या एका फरशीवर संशयाने उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी एकदम कुशीवर पडल्या, पायांनी माती उकरून पंखांत भरू लागल्या आणि डोळे मिटून घुसळल्यासारख्या लोळू लागल्या. मला वाटले, झटका आला. पण ते तिचे अभ्यंगस्नान होते. कोंबड्या धुळीने अंग स्वच्छ ठेवतात. हिला आई नव्हती, यंत्रात उबवलेली. तरी हे तिला कोणी शिकवावे लागले नाही.

माझ्या स्कूटरचा आवाज तिला फाटकापासून कळे. आई माळ ओढीत बसली की ही तिच्या पदरावर बूड टेकून बसायची आणि घशातल्या घशात कुरकुरायची. तो आवाज आम्हांला इतका परिचयाचा झाला की तो नसला म्हणजे घर सुने वाटे. कोंबड्यांच्या निरनिराळ्या आवाजांची गणती अभ्यासकांनी केली आहे, ती वीसच्या वर जाते. आकाशातून येणाऱ्या घारीसाठी इशारा वेगळा आणि जमिनीवरून येणाऱ्या मांजरासाठी वेगळा. सगुणेपाशी मांजराचा इशारा तयार होता. तो ती शेजारच्या वकीलसाहेबांसाठी वापरी.

उन्हाळ्यात आईने वाळवण घातले आणि राखणीला सगुणेला बसवले. चिमण्या आल्या नाहीत हे खरे, पण संध्याकाळी तिखटाच्या मिरच्याच कमी भरल्या. पक्ष्यांना मिरचीचा झोंबरेपणा जाणवत नाही, हे आम्हांला तेव्हा समजले.

नॉर्वेत थॉर्लेफ शेल्डरूप-एबे नावाचे एक प्राणिशास्त्रज्ञ होऊन गेले. लहानपणापासून त्यांना कोंबड्या पाहत बसण्याचा नाद. कोणती कोंबडी कोणाला टोचते आणि कोणाकडून निमूट टोचून घेते, याचे टिपण ते ठेवीत. त्यातून कळपातली मानाची उतरंड त्यांनी १९२१ साली मांडली. कोंबडी न् कोंबडी वेगळी ओळखता आल्यावाचून असे टिपण होणेच शक्य नाही. सगुणेला कळप नव्हता, म्हणून तिने आम्हांलाच कळप मानले. उतरंडीत आई पहिली, मग स्वतः सगुणा, मग सौ., मग चिरंजीव. उत्तरपत्रिका तपासताना माझ्या पायाच्या अंगठ्याला रोज टोच बसे. त्यावरून माझी पायरी वाचकांनी ओळखावी.

या गोष्टी मी आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत रंगवून सांगत असे. एके दिवशी इंग्रजीच्या एका सहकाऱ्याने काही न बोलता एक पुस्तक माझ्यापुढे ठेवले. लेखिका डॉ. कॅरन डेव्हिस, अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या. म्हणजे आमच्याच बिरादरीतल्या! पुस्तक १९९६ सालचे, विषय कोंबड्या. ते वाचले आणि मग या बाईंचे मिळेल ते वाचीत गेलो.

१९८० नंतरच्या त्या दशकात बाई एका भाड्याच्या जागेत राहायला गेल्या. घरमालकिणीने खोपटात कोंबड्या पाळल्या होत्या. एक दिवस खोपट रिकामे झाले. मागे राहिली ती एकच, पायाने अधू झालेली. बाईंनी तिला घरात आणले आणि तिचे नाव ठेवले व्हीव्हा. तिच्याशी बोलले की ती हलक्या कंपित स्वरात उत्तर देई. काही महिन्यांतच ती मेली. पण तिने बाईंच्या आयुष्याची दिशा बदलली. १९९० साली त्यांनी 'युनायटेड पोल्ट्री कन्सर्न्स' ही संस्था काढली, आणि पुढे व्हर्जिनियातल्या माचिपोंगो या गावी सोडवून आणलेल्या कोंबड्यांसाठी आश्रम चालवला. २०२३ साली त्या वारल्या.

या आश्रमातली मंडळी बाईंनी आपल्या लिखाणात अशी उभी केली आहेत की मी वर्गात व्यक्तिचित्र शिकवताना उदाहरण म्हणून द्यावीत. मफी नावाची एक तपकिरी कोंबडी आणि मिला नावाची टर्की यांचे मोठे सख्य. संध्याकाळी भांड्यांत नळीने पाणी भरले की जमिनीवर बारीक ओहोळ निघत. त्या ओहोळांच्या मागून दोघी पाणी पीत पीत निघत. मफी लगबगीची, मिला तंद्रीतली. प्रिसिला ही दुसरी टर्की तापट. तिचा पारा चढला की मिला मधे येऊन उभी राही आणि तिला आवरी. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात अशी एक तरी मिला असते, म्हणून तर घरे टिकतात!

माचिपोंगो कुठे आले म्हणून नकाशा उघडला. अटलांटिक महासागर आणि चेसापीकचा उपसागर यांच्यामध्ये जमिनीचे एक लांबट बोट आहे. डेलावेअर, मेरीलँड आणि व्हर्जिनिया या तीन राज्यांच्या नावांचे तुकडे जोडून त्याला डेल्मार्व्हा म्हणतात. माचिपोंगो त्याच्या दक्षिणेकडे. आणि त्याच द्वीपकल्पावर, डेलावेअरमधल्या ओशन व्ह्यू गावी, १९२३ साली एक गंमत घडली होती.

सेसिल स्टील नावाची गृहिणी अंड्यांसाठी थोड्या कोंबड्या पाळीत असे. तिने ५० पिल्ले मागवली. पाठवणाऱ्याच्या हातून एक शून्य जास्त पडले आणि दारात ५०० पिल्ले आली. बाई डगमगली नाही. तिने ती वाढवली, सुमारे १८ आठवड्यांनी उरलेली ३८७ मांसासाठी विकली, आणि पौंडाला ६२ सेंट भाव मिळाला. पुढच्या खेपेला तिने आपणहून जास्त मागवली. तीन वर्षांत तिच्याकडे दहा हजारांची सोय झाली. शेजाऱ्यांनी ते पाहिले, आणि केवळ मांसासाठी कोंबडी वाढवण्याचा धंदा तिथून फोफावला. तिचे ते पहिले लाकडी खुराडे आज ऐतिहासिक वास्तू म्हणून जपलेले आहे. आपल्याकडे ज्या 'ब्रॉयलर'चे लोकांनी सरळ 'बॉयलर' करून टाकले, तिच्या कुळाची गंगोत्री ही अशी एका शून्यात आहे. सेसिलबाईची पिल्ले १८ आठवड्यांत जेमतेम दोन पौंडांची होत. आजचे पिल्लू सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जाते.

सेसिलबाईला मी वाईट म्हणणार नाही. संसारी बाई होती, चुकून आलेले पिल्लू तिने फेकले नाही. पण पाचशे पिल्ले आल्यावर ती मोजावीच लागतात, आणि एक राहिली तर तिला नाव ठेवावेसे वाटते. एकाच द्वीपकल्पावर दोन बायकांनी दोन वाटा पाडल्या, त्या येवढ्याशा फरकाने. आणि मी? मी वीस वर्षे दर रविवारी किलोच्या भावात मोजत आलो होतो.

आता जे सांगायचे ते जड जाते. सगुणा आली त्याच आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरांनी तिला तपासून बजावले होते, "हिची जात झटपट वजन वाढावे म्हणून निपजवलेली आहे. हिच्या भुकेला लगाम नाही. खाईल तितके अंग धरील, पण पाय आणि काळीज तेच राहतील. सकाळी एक वाटी, संध्याकाळी अर्धी. त्यावर दाणा द्याल तर माया करता करता माराल." असल्या आश्रमांतूनही अशा कोंबड्यांना हात राखूनच खाऊ घालतात, हे मी नंतर वाचले.

वाटीचा कारभार सौ.कडे गेला. ती बँकेत आहे, मापात चूक नाही. पण वाटी संपली की सगुणा माझ्या टेबलाशी येऊन मान वाकडी करून एका डोळ्याने बघे. भुकेल्या जिवाने असे पाहिले की डॉक्टरांचे शब्द फार लांबून ऐकू येतात. मी पुस्तकांच्या मागे ज्वारीची एक पुडी ठेवू लागलो. चिमूटभर, फक्त चिमूटभर. दर महिन्याला डॉक्टर तराजूकडे पाहून कोड्यात पडत, सौ. वाटी आणखी थोडी कमी करी, आणि मी खाली पाहत असे.

मे महिन्यात पुण्याचे ऊन या खेपेस फारच तापले. सगुणा चोच उघडी टाकून धापा टाकीत तुळशीच्या ओल्या मातीत बसून राही. एका दुपारी आई माळ घेऊन बसली तरी पदरावर कोणी आले नाही. डॉक्टर म्हणाले, "काळीज थांबलं. या जातीत असंच होतं. सात महिने काढले, हेच पुष्कळ." चिरंजीवाने अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणला. सदरा त्याने स्वतःच आणून दिला.

त्यानंतर कितीतरी रविवार गेले. आम्ही शाकाहारी झालो अशी बढाई मी मारणार नाही, बुधवारी मासळी येतेच. पण कोंबडी आणा असे अजून कोणी म्हटलेले नाही, आणि का म्हटले नाही हेही कोणी विचारलेले नाही.

परवा दसऱ्याआधी घर आवरायला काढले. सौ.ने माझे पुस्तकांचे कपाट ओढले आणि ज्वारीची पुडी खाली पडली. मी खुलासा शोधीत होतो, तोच चिरंजीवाच्या दप्तरांच्या खणातून मक्याच्या दाण्यांची डबी निघाली. आईच्या देव्हाऱ्यामागे कापराच्या डबीशेजारी तांदळाची कणी होती. तिन्ही चोर एकमेकांकडे बघत उभे राहिलो. मला वाटले, आता धडगत नाही.

सौ. खाली बसली. तिन्ही जिन्नस तिने पुढ्यात घेतले आणि बराच वेळ ती त्यांच्याकडे पाहत राहिली.

"वाटी मोजून देत होते ना मी रोज," ती म्हणाली, "मला वाटत होतं, माझ्या हातून उपाशी राहून गेली ती."

यावर काय बोलावे हे आम्हां तिघांपैकी कोणालाच सुचले नाही. आई उठली, तिने तिन्ही पुड्या एकत्र केल्या आणि अंगणात कोपऱ्यातल्या त्या मातीवर पसरून दिल्या. थोड्या वेळाने चिमण्या आल्या.