कोर्लईची बोली कुणी सांभाळायची?

कुंडलिका खाडीच्या मुखाशी, रेवदंड्यासमोरच्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला आहे. पर्यटक तो पाहतात, दीपगृहापाशी फोटो काढतात आणि मुरूडच्या वाटेला लागतात. गावातल्या ख्रिस्ती वस्तीत बोलला जाणारा ठेवा मात्र बहुतेकांच्या कानावरही पडत नाही. पोर्तुगीजांनी 1594 मध्ये हा डोंगर निजामशाहीकडून जिंकला आणि 1740 च्या तहाने तो मराठ्यांकडे आला. सत्ताधारी निघून गेले, ख्रिस्ती झालेली कष्टकरी कुटुंबे इथेच राहिली. त्यांच्या घरातली पोर्तुगीज मराठीच्या शेजाराने बदलत गेली. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण क्रियापद आपल्यासारखे वाक्याच्या शेवटी. ‘नो लिंग’ नावाची ही बोली आज जेमतेम हजारभर माणसे बोलतात.

ती टिकावी असे मलाही मनापासून वाटते. पण टिकवायची कुणी? मुलांना मराठी शाळेत घालून पुढे अलिबाग-मुंबईची नोकरी गाठू पाहणाऱ्या आईबापांना आपण बाहेरून बोलीचा आग्रह कसा करणार? त्याची किंमत आपल्याला मोजावी लागत नाही. चर्चमधल्या पोर्तुगीज प्रार्थनांचा आधारही आता उरलेला नाही. अशा वेळी घरातली बोली मागे पडली, तर दोष त्यांचा नव्हे. आणि पर्यटनाच्या नावाखाली नांदत्या वस्तीचे प्रदर्शन मांडणे तर साफ चूक ठरेल.

तरीही ‘जे व्हायचे ते होईल’ म्हणून गप्प बसणे मला पटत नाही. किल्ल्याच्या शिलालेखांत अधिकाऱ्यांची नावे आहेत. शेतावर राबणाऱ्यांचा इतिहास या बोलीतच उरला आहे. लिपी, शाळा, राजाश्रय यांपैकी काहीही नसताना ती पावणेतीनशेहून अधिक वर्षे तगली. तिच्यावर 1996 मध्ये सविस्तर इंग्रजी ग्रंथ लिहिला तो जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन अभ्यासकाने. आपल्या बोलण्यात कोर्लई येते ती किल्ल्यापुरती.

बोलायचे की नाही, हे कोर्लईकरांनी ठरवावे. नोंद ठेवण्याचे काम मात्र आपले आहे. मराठीला 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला. अंगणातल्या या धाकट्या बोलीची विचारपूस करणे तिला शोभेल. राज्य मराठी विकास संस्थेने आणि मुंबई विद्यापीठाने गावाच्या संमतीने गाणी, गोष्टी, रोजची बोलणी ध्वनिमुद्रित करावीत, कोश करावा आणि त्याच्या प्रती गावाच्या ताब्यात द्याव्यात. जुनी माणसे बोलती आहेत तोवरच हे काम हाती घ्यावे.