आमच्या रंगमंचासाठीं बिनतारी मायक्रोफोन

गेल्या नाताळच्या नाटिकेंत देवदूताचें वाक्य मध्येंच तुटलें आणि कर्ण्यांतून नुसती खरखर ऐकूं आली. तो मुलगा दोन महिने पाठांतर करीत होता. मागल्या रांगेंतील त्याच्या आजीस एक शब्दही पोंचला नाहीं. म्हणून कित्येक पालकांनीं दहा नवे संच घेण्याचें सुचविलें आहे. त्यामागील प्रेम आम्ही जाणतों. तथापि दहा स्वस्त संचांपेक्षां चार चांगले घ्यावे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

स्वस्त संच बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालतात, आणि वाय-फाय व ब्लूटूथही तेथेंच. तालमीस सभागृह रिकामें असल्यानें कांहीं जाणवत नाहीं. प्रयोगाच्या रात्रीं मात्र शेंकडों मोबाईल प्रेक्षकांच्या खिशांतून आंत येतात! शिवाय माणसांचीं शरीरें या लहरी शोषून घेतात. यास्तव ध्वनि घेणारें यंत्र सभागृहाच्या मागें न ठेवतां रंगमंचाजवळ, उंचावर ठेवावें. यास खर्च कांहींच नाहीं.

यूएचएफचे संच अधिक भरंवशाचे. परंतु परदेशांतील जुने संच स्वस्त म्हणून घेऊं नयेत. अमेरिकेंत ६१४ ते ६९८ मेगाहर्ट्झचा बहुतेक भाग २०१७ च्या लिलावानंतर मोबाईलसेवेकडे गेला, आणि २०२० पासून तेथें त्यांत मायक्रोफोनांस मनाई आहे. असा टाकाऊ माल आपल्या गळ्यांत पडावयाचा! आपल्या देशांत कोणत्या लहरींस मुभा आहे, हें विक्रेत्याकडून लेखी घ्यावें.

आतां हे चार संच कोणास द्यावे? नायकास नव्हे, त्याचा आवाज खणखणीत असतोच. पहिला त्या देवदूतास द्यावा.