हाफ-ऑर्कला पोथी बंद : 'बाल्डर्स गेट'मधली मनुस्मृती

कर्जतमधल्या आमच्या अभ्यासवर्गात मागच्या रांगेतला एक पोरगा मोबाइलवर गेम खेळताना सापडला. विषय चालू होता 'जातिप्रथेचे विध्वंसन'. ज्येष्ठ कार्यकर्ते भडकले. चळवळीचं वाटोळं या मोबाइलनेच केलं वगैरे नेहमीचं बोलून झालं. मोबाइल हातात घेऊन बघितला, तर गेम होता 'बाल्डर्स गेट', आणि पडद्यावर जे चाललं होतं ते विषयाला सोडून अजिबात नव्हतं. पोरगा नवं पात्र तयार करत होता. म्हणजे त्याचा जन्म निवडत होता.

आम्ही विचारलं, कोण घेतोस? म्हणाला, एल्फ. हाफ-ऑर्क का नाही? त्याचं उत्तर ऐकून वर्गातले सगळे गप्प झाले. "त्याला बुद्धी कमी असते ना, दादा. जन्मतःच मायनस दोन."

हा लेख त्या मायनस दोनबद्दल आहे.

आमच्यातल्या काहींना हा गेम जुना ओळखीचा. पहिला भाग १९९८ चा, दुसरा २०००चा. खोपोलीच्या नेट कॅफेत कॉपी केलेल्या सीडीवरून आम्ही तो खेळलो, आता तो फोनवरही येतो. आपण एक अनाथ पोर. ग्रंथांनी भरलेल्या एका किल्ल्यात, गोरायन नावाच्या विद्वानाने वाढवलेलं. (या किल्ल्याचं दार बाहेरच्या माणसाला दुर्मीळ ग्रंथ भेट दिल्याशिवाय उघडत नाही. ज्याच्याकडे ग्रंथ नाही त्याला ग्रंथालय नाही. आम्हाला हे काही नवीन नव्हतं.) गोरायन मारला जातो, आपण रस्त्यावर येतो आणि पुढे कळतं की आपण भाल नावाच्या खुनाच्या देवाचं पोर आहोत. रक्तातच पाप. आपल्याला मारायला निघालेला सारेवोकही त्याच देवाचा मुलगा, आपला सावत्र भाऊ. त्याला एका बड्या व्यापाऱ्याने वाढवलं, आपल्याला पुस्तकं वाचणाऱ्या माणसाने. रक्त एकच, माणसं दोन. गोष्ट शेवटपर्यंत एकच प्रश्न विचारत राहते: रक्तावरून माणूस ठरतो का? आणि उत्तर खेळणाऱ्याच्या हातात ठेवते. बापासारखं वागायचं की नाही, हे आपण ठरवायचं.

गोष्ट झकास आहे. आम्ही ती पुन्हा खेळू. पण गोष्ट सुरू होण्याआधीचा तो पडदा बघा.

तिथे आधी वंश निवडायचा, मग त्या वंशाला परवानगी असलेला पेशा. पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, फक्त मानवाने व्हायचं. ड्वार्फने तलवार चालवावी, देवळात प्रार्थना करावी, चोरी करावी. जादूगार व्हायचं नाही. दुसऱ्या भागात हाफ-ऑर्क आला, तो येतानाच ताकद वाढवून आणि बुद्धी दोनने कापून. त्यालाही जादूगाराची पोथी बंद. तुम्ही दोनशे तास खेळा, डोंगराएवढा अनुभव कमवा, ही बंदी उठत नाही. त्याने चोरून शिकावं, अशीही सोय नाही. शंबूकाला मारायला रामाला निदान तलवार उचलावी लागली. इथे बटणच राखाडी केलेलं आहे.

बाबासाहेबांनी १९३६ साली हेच मांडलं होतं. जन्मावर उभं केलेलं चातुर्वर्ण्य आपोआप टिकत नाही, त्याला दंड लागतो, म्हणून शंबूकाची कथा. आणि जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे. गेममध्ये दंडाची गरजच उरली नाही, कारण नियमच यंत्रात ओतलेले आहेत. खरी भीती याचीच आहे. लाठी दिसली की पोरगं चिडतं. आकडा दिसला की मान डोलावतं.

"अहो, गेम आहे तो, त्यात कुठे जात आणता?" हे ऐकायची आम्हाला सवय आहे. देवळात जात आणू नका, लग्नात आणू नका, आता गेममध्ये आणू नका. आम्ही आणली नाही. ती 'रेस' नावाने मेनूत बसलेली होती. आणि हे फक्त आम्हालाच दिसलं असंही नाही. या गेमचे नियम ज्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'वरून घेतले, त्याच्या कंपनीने २०००च्या आवृत्तीत पेशांवरची वंशाची बंदी काढली. २०२० मध्ये तिने जाहीरपणे मान्य केलं की ऑर्क आणि ड्राउ यांची चित्रणं खऱ्या जगातल्या समूहांच्या बदनामीसारखी होत होती. २०२४ च्या नव्या नियमांत 'रेस' हा शब्दच गेला, आणि गुणांची वाढ वंशाऐवजी पार्श्वभूमीवरून मिळू लागली: कुठे वाढलात, काय काम केलंत, कोणाच्या हाताखाली शिकलात.

आता 'जातिप्रथेचे विध्वंसन' पुन्हा उघडा. माणसाची क्षमता तीन गोष्टींवर ठरते, असं बाबासाहेब तिथे सांगतात: शरीराने आलेला वारसा, समाजाकडून आलेला वारसा, म्हणजे आईबापांची निगा, शिक्षण, साठवलेलं ज्ञान, आणि स्वतःचे प्रयत्न. गेम बनवणारे पहिलीवरून दुसरीपर्यंत यायला २०२४ उजाडलं. आपल्याकडचे मेरिटवाले अजून पहिलीवरच अडकलेत.

मेरिटवाल्यांसाठी या गेममध्ये आणखी एक गंमत आहे. पात्राचे गुण फाशांनी पडतात आणि वाईट पडले तर पुन्हा टाकायचं बटण आहे. कितीही वेळा. रात्रभर बसून आकडे चांगले पडेपर्यंत फासे टाकणारे आम्ही पाहिलेत आणि सकाळी ते म्हणतात, माझं पात्र बघ किती भारी! ज्याच्या बापाला पुण्यात खोली आणि क्लास परवडतो, वर्षं वाया घालवणं परवडतं, त्याला पुन्हा टाकायचं बटण आहे. पहाटेची कर्जत लोकल पकडून कॉलेज आणि संध्याकाळी परत येऊन काम करणाऱ्या पोराला फासा एकदाच मिळतो. मग दोघांचे आकडे शेजारी ठेवून विचारतात, गुणवत्ता कोणाची?

आणखी एक प्रसंग. पहिल्या भागात व्हिकोनिया नावाची काळ्या कातडीची ड्राउ बाई भेटते. तिच्यामागे शिपाई लागलेला असतो आणि ड्राउ आहे एवढंच त्याला पुरे असतं. तिला सोबत घेतलं की आपल्या टोळीची प्रतिष्ठा घटते. प्रतिष्ठा फार घसरली की दुकानदार जास्त भाव लावतो. बहिष्काराचं अर्थशास्त्र इतकं साफ कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. गेम बनवणाऱ्यांनी हे टीका म्हणून केलं की सहज, हा वाद आमच्यात मिटलेला नाही. आम्हाला वाटतं सहज केलं, आणि म्हणूनच खरं उतरलं. जन्मावरून संशयित ठरवायचा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये केला, तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं. ज्या जमाती त्याखाली भरडल्या गेल्या त्यांना शिपायाची ती नजर समजावून सांगावी लागत नाही.

खालापुरात कल्पनेचा धंदा जुना आहे. चौकजवळ सिनेमाचे किल्ले आणि महाल उभे राहिले, खोपोली-पाली रस्त्यावर थीम पार्क आलं. आणि याच तालुक्यात इर्शाळगडाच्या पोटाशी इर्शाळवाडी होती, आदिवासींची, जिथे गाडीरस्ता पोचला नव्हता. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, तेव्हा मदत करणारे पावसात पायी चढून गेले. गेममध्ये अशा वाडीतली माणसं एका जागी उभी राहून एकच वाक्य बोलतात. नायक येतो, काम करतो, बक्षीस घेतो, जातो. वाडीला स्वतःचं पात्र कधी निवडता येत नाही. दरड कोसळल्यावर आलेले कॅमेरेही त्या माणसांकडे याच पद्धतीने बघत होते.

मग आपल्याकडचे लोक गेम बनवतील तर वेगळं होईल? २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' आणला. नायिका मुलगी, चित्रं देखणी, कौतुक व्हायलाच हवं. पण दुर्गा-विष्णू देणारे आणि मारायचा तो महाबलासुर. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त अवतारांच्या गोष्टी उलट्या करून बळीराजा दाखवला. दीडशे वर्षांनी असुर अजून शेवटच्या लेव्हलचा शत्रूच.

'बाल्डर्स गेट'ची गोष्ट म्हणते रक्ताने काही ठरत नाही, आणि तिचाच मेनू म्हणतो रक्तानेच ठरतं. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी याच विसंगतीवर बोट ठेवलं होतं: राजकारणात समता, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. आम्ही गोष्ट वाचून टाळ्या वाजवतो आणि मेनू तसाच पुढे ढकलतो.

म्हणून ज्येष्ठांना आम्ही सांगितलं, मोबाइल परत द्या. पुढचे दोन रविवार अभ्यासवर्ग त्याच पडद्यावर घेतला. वह्या, पेन्सिली, वाण्याकडून आणलेले लुडोचे फासे. पोरांनी स्वतः नियम लिहिले: वंशाचा रकाना काढला, त्याजागी शाळा किती लांब, घरात पुस्तकं किती, शेत कोणाच्या नावावर असे रकाने घातले. पुन्हा टाकायचं बटण ठेवायचं की नाही, यावर दीड तास भांडण झालं. शेवटी ठरलं, ठेवायचं, पण सगळ्यांना सारखंच, तीन वेळा. मागच्या रांगेतल्या त्या पोराने या वेळी हाफ-ऑर्क घेतला आणि त्याला जादूगार केलं. त्याची पहिली पोथी कोणती असावी, हे अजून ठरायचंय. ज्यांना सुचतंय त्यांनी रविवारी या, वही घेऊन.

जय भीम!