कसबाच्या नावाखाली जुगार

धानाची कापणी-मळणी उरकली आणि दिवाळी सरली, की सिहोऱ्याच्या आसपास गावोगावी मंडई भरू लागते. शेतकऱ्याच्या गाठीस वर्षाचा पैसा येण्याचे दिवस आणि तो काढून घेणारांनी आपले फड मांडण्याचे दिवस एकच असावेत, हा योगायोग खचित नव्हे. दंडार-तमाशाविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या आडोशाने चालणाऱ्या जुगाराविषयी, आणि विशेषतः त्या जुगारास ‘कसबाचा खेळ’ म्हणविण्याच्या लबाडीविषयी.

ही लबाडी जुनी आहे. अमेरिकेत १९३३ साली बॅली कंपनीने ‘रॉकेट’ नावाचे यंत्र काढले. उतरत्या मेजावर खिळे व भोके. नाणे टाकावे, स्प्रिंगच्या दांड्याने गोळी वर उडवावी, ती खिळ्यांवर आपटत खाली यावी, आणि नेमक्या भोकात पडली तर यंत्राने आपण होऊन नाणी बाहेर टाकावीत! अशा यंत्रांतील सर्वांत मोठ्या बक्षिसास जॅकपॉट म्हणत. गोळी परतविणाऱ्या पट्ट्या या खेळात १९४७ साली आल्या. तोपर्यंत गोळी सुटल्यावर मेजास धक्के देण्यापलीकडे खेळणाराच्या हाती काही नसे. तरीही यंत्रवाले ‘कसब, कसब’ म्हणून ओरडत. अखेर न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९४२ साली अशी यंत्रे जप्त करून फोडविली. ती बंदी १९७६ पर्यंत टिकली.

कोणी म्हणेल, व्यापारातही जोखीम नाही काय? आहे, परंतु व्यापारी जोखमीच्या बदल्यात माल देतो आणि त्याचे वजनमाप सरकार तपासते. जुगाराच्या यंत्राचे माप यंत्रवाल्याच्याच हाती! समजा, यंत्र शंभरांतून सरासरी ऐंशी परत देते. आलेला पैसा पुन्हा पुन्हा लावणाऱ्याच्या शंभर रुपयांतून दहा फेऱ्यांनंतर सरासरीने अकरासुद्धा उरत नाहीत. हा हिशेब आमच्या व्यापारी वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही.

१८६७ व १८८७ या दोन्ही सालच्या जुगारविरोधी कायद्यांनी निव्वळ कसबाच्या खेळास मोकळीक दिली, आणि लबाडास तेवढीच फट पुरली. जुगार हा व्यापारच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली सांगितले. तथापि गोव्याने १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांत नाण्यांच्या यंत्रांस वाट करून दिली. महाराष्ट्राने मात्र १९७६ चा कधीच अंमलात न आलेला कॅसिनो कायदा २०२३ साली रद्द केला, हे उचित झाले. पुढे २०२५ साली संसदेने मोबाईलवरील पैशांच्या खेळांस, ते कसबाचे असोत वा नशिबाचे, बंदी करणारा कायदा केला. कसबाची सबब तेथे संपली. मंडईच्या फडावरही ती संपली पाहिजे.

परंतु प्रत्येक फडावर पोलीस कोठून पुरणार? मंडईस जागा देणारे, वर्गणी घालणारे व दुकाने भाड्याने देणारे आपणच आहोत. जुगारास जागा नाही, एवढी एक अट प्रत्येक मंडई समितीने घालावी व व्यापाऱ्यांनी वर्गणी देतेवेळी ती मागून घ्यावी. धानाचा पैसा घरी पोचला, तर तो पुढे बियाण्यास, शाळेस व बाजारासच येणार आहे. परोपकार राहो, निदान स्वार्थासाठी तरी हे करावे.