पिशवी नको म्हणजे नको?

मंडळी, आज जरा भांडायचंय.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने आतडं तुंबलं की आपल्याकडे नातेवाइकांचं एक वाक्य ठरलेलं असतं. "डॉक्टर, काहीही करा, पण पोटाला पिशवी नको. तो स्टेंट घालतात ना, तो घाला." हृदयात घालतात तसाच, म्हणजे काम फत्ते! या वाक्याची मला मनस्वी चीड आहे.

स्टेंट म्हणजे तारांच्या जाळीची नळी. मिटलेली नळी दुर्बिणीतून आत नेऊन गाठीच्या जागी सोडतात, ती हळूहळू उमलते आणि वाट मोकळी होते. छानच. पण गाठ तिथेच असते हो!

कॅन्सर पसरलाय, बरा होणार नाही, अशा वेळी मी स्टेंटच्याच बाजूने. माणूस लवकर घरी येतो, केमोही लवकर सुरू होते. तरी बेव्हासिझुमॅबसारखं औषध द्यायचं असेल तर आतडं फाटण्याचा धोका वाढतो. आणि गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल तर स्टेंट सतत दुखतो, सतत कळ येते. तिथे पिशवीच बरी.

कॅन्सर बरा होण्याजोगा असेल तर प्रकरण वेगळं. तिथे स्टेंट म्हणजे ऑपरेशनपर्यंतचे साधारण दोन आठवडे निभावून नेणारा पूल. पण आतडं फाटलं तर कॅन्सर पोटात पसरण्याची भीती असते. स्टेंटच्या गटात त्रास जास्त दिसला म्हणून नेदरलँड्समधली एक चाचणी मध्येच थांबवावी लागली. ते निष्कर्ष २०११ साली छापून आले. उलट ब्रिटनच्या 'क्रेस्ट' चाचणीत स्टेंटमुळे पिशवी कमी जणांना लागली, आणि महिनाभरातल्या मृत्यूंत फरक पडला नाही. युरोपातल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली या पुलाला सरसकट नको म्हटलं होतं. २०२० साली मत बदललं: डाव्या बाजूची गाठ असेल तर पर्याय म्हणून विचार करा, पण रुग्णाशी बोलून ठरवा.

रुग्णाशी! इथेच तर आपलं घोडं पेंड खातं. आपण 'कॅन्सर' हा शब्दच त्याच्यापासून लपवतो, मग तो निवडणार काय? पिशवी त्याच्या पोटाला, लाज मात्र आपल्याला! ती पिशवी बरेचदा तात्पुरती असते, हेही त्याला कुणी सांगत नाही.

तेव्हा काका, मामा, आत्या, उद्या माझ्यावर अशी वेळ आली तर कॉरिडॉरमध्ये कुजबुजू नका. आत या आणि मला विचारा.