भरधाव कशावरून?

गेल्या शनिवारी मामाकडे खांबला गेलो होतो. नागोठणं मागे पडून सुकेळी खिंड उतरली, की मुंबई-गोवा हायवेवर लागतं ते. (पळस्पे-इंदापूर चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं. त्यावर पुन्हा कधीतरी, आज बीपी वाढवायचं नाही.)

माझा मामेभाऊ वर्षभर एका पेपरचा वार्ताहर आहे. पेपरचं नाव नको. पगार? नाही. बातमीमागे पैसे? तेही नाहीत. जाहिराती आणल्या तर कमिशन. ओळखपत्र मात्र झकास आहे! म्हणजे 15 ऑगस्टच्या पुरवणीसाठी ज्या सरपंचाकडे जाहिरात मागायची, त्याच्याच नळपाणी योजनेची बातमी करायची. करा बघू!

त्याने अपघाताची एक बातमी दाखवली. 'भरधाव ट्रकने दिलेल्या धडकेत...'

"भरधाव कशावरून रे?"

"तसंच लिहितात, दादा."

डायव्हर्जनचा बोर्ड होता का, रात्री दिवा होता का, पंचनाम्यात काय आहे, हे त्याने विचारलंच नव्हतं. विचारायचं असतं हे त्याला सांगितलंय कोणी? बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची, छापून आली तर आली. का कापली, का आलीच नाही, कोणी सांगत नाही.

मी जॉइन झालो तेव्हा तीन महिने नुसतं ट्रेनिंग होतं, आणि पगार चालू. नंतर वर्षभर माझी एकही ओळ सीनियरने बघितल्याशिवाय पुढे गेली नाही. लाज वाटायची, पण शिकलो त्यातूनच. आणि माझ्या बगमुळे फार तर एखादं रिपोर्ट चुकायचं. इथे चूक ड्रायव्हरच्या नावावर बसते आणि ठेकेदार सुटतो.

पत्रकारितेचे कोर्स नाहीत असं नाही. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मुंबईत तर गल्लोगल्ली. पण तिथल्या मुलांना इंटर्नशिप हवी असते ती चॅनलच्या एसी न्यूजरूममध्ये. ब्रिटनमध्ये नवख्याला माध्यम कायदा आणि कोर्टाचं वार्तांकन शिकवतात, मिनिटाला 100 शब्दांचं शॉर्टहँडसुद्धा! आपल्याकडे तालुक्याच्या वार्ताहराला निदान सातबारा, एफआयआर, माहिती अधिकाराचा अर्ज आणि ताळेबंद एवढं तरी वाचता-लिहिता यावं. 2010 मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि आमच्या भागातल्या कितीतरी घरांची पुंजी अडकली. कर्जखातीच बनावट असतील तर ताळेबंद वाचून काय उपयोग, असं कोणी म्हणेल. मान्य. तरी प्रश्न विचारायला तरी कोणीतरी हवं ना?

मला वाटतं, कोर्सच्या मुलांनी दोन महिने अशा वार्ताहरासोबत हायवेवर, तहसील कचेरीत काढावेत. कायदा आणि कागद वाचणं त्यांनी त्याला शिकवावं, माणसं कशी बोलती करायची हे त्याच्याकडून शिकावं. आणि पेपरांनी बातमीमागे थोडे का होईना पैसे द्यावेत, जाहिरातीचं काम दुसऱ्याला द्यावं. आपण अ‍ॅपवर फुकट बातम्या वाचणारे (हो, मीही) यात निर्दोष नाही.

रविवारी निघताना भाऊ पोलीस ठाण्यात पंचनाम्याबद्दल विचारायला चालला होता. संध्याकाळी त्याचा मेसेज आला: "दादा, बोर्ड नव्हता. पण बातमी आता शिळी झाली म्हणाले."